चिंचेवरच्या पोरींच्या वेण्या

अठरा जानेवारी. ट्रे भरायचं काम चालू आहे. सुरू उसाच्या, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत लावायच्या उसाच्या, लागणीचे दिवस आले की आमच्या बावड्याच्या रोपवाटिकेत कुणाला टेकायला वेळ नसतो. उसाच्या प्रत्येक पेऱ्यावर हरभऱ्याएवढा एक फुगवटा असतो, त्याला डोळा म्हणतात. कोंब फुटतो तो तिथून. बाया यंत्रावर हे डोळे काढून देतात, औषधाच्या पाण्यात बुडवतात, आणि मी कोकोपीट भरलेल्या ट्रेच्या एकेका कप्प्यात एकेक डोळा वर तोंड करून बसवत जाते. उलटा बसला तर कोंब वर यायची वाट शोधण्यातच दमतो, म्हणून हे काम मी दुसऱ्या कुणाला देत नाही. हाताला काम आणि डोकं मोकळं, ही एरवी माझ्या आवडीची गोष्ट. पण चार दिवसांपासून हे मोकळं डोकं पिंपळीला, माझ्या माहेरी, जाऊन बसलंय आणि तिथून उठायला तयार नाही.

निमित्त एका सिनेमाचं. संक्रांतीला माहेरी गेले होते. तिळगूळ द्यायचा, शेवंताआत्याला भेटायचं आणि उन्हं उतरायच्या आत निघायचं, एवढाच बेत होता. शेवंताआत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. ती माहेरीच असते, गेली चाळीस वर्षं. मी पोचले तर माझ्या थोरल्या भावाची सून पूनम टीव्हीशी खटपट करत होती.

"आत्या, बसा बसा. आजींच्या हडळीचा पिक्चर आलाय."

पूनम शेवंताआत्याला आजी म्हणते, आणि आजींची हडळ म्हणजे एका कादंबरीतली हडळ. 'हसऱ्या हडळीचं माहेर' हे कादंबरीचं नाव. मी बारा वर्षांची असताना शाळेच्या वाचनालयाच्या पेटीतून ते पुस्तक घरी आणलं. लेखकाचं नाव असलेलं पान आधीच कुणीतरी फाडलेलं होतं, त्यामुळे ते लिहिणाऱ्याचे आभारही कधी मानता आले नाहीत. भुतांचं एक राज्य आहे. तिथे एखाद्या माणसाला घाबरवायचं असेल तर कचेरीत तीन प्रतींत अर्ज द्यावा लागतो, आणि मंजुरी येईपर्यंत तो माणूस म्हातारा होऊन मरतो, भूत होतो आणि आपला अर्ज घेऊन त्याच रांगेत येऊन उभा राहतो. राजा वेताळ बारा बारा वर्षं झोपतो. त्याचा धाकटा मुलगा खवीस असून अंधाराला भितो. या धाकट्या खविसाची बायको खिदळाबाई. ती हसायला लागली की राजवाड्याचं छप्पर उडतं. सासऱ्याची झोप मोडते म्हणून तिला माहेरी, गावाबाहेरच्या चिंचेवर, पाठवून देतात, आणि पुढे न्यायला कुणी येत नाही.

आत्याला लिहिता-वाचता येत नाही. पुस्तक मी तिला वाचून दाखवलं, आणि तिने ते पुढे घरातल्या सगळ्या पोरांना सांगितलं. भावाच्या मुलांना, त्यांच्या मुलांना, शेजारपाजारच्यांना. आमच्या वस्तीवर खिदळाबाईला न ओळखणारं पोर सापडायचं नाही.

सिनेमा सुरू झाला आणि आत्याने पहिल्या पाच मिनिटांत हरकत घेतली.

"हिचं पाय सरळ हायती की!"

"नाचायचं असतंय ना आजी," पूनम म्हणाली. "उलट्या पायांनी कशी नाचंल?"

"न्हाय नाचली तर काय अडतंय? हडळ हाय का वरातीतली घोडी?"

मी हसले. पण मलाही राग येत होता. तीन प्रतींचा अर्ज नव्हता. वेताळ झोपतच नव्हता, नुसता ओरडत होता. शेवटी धाकटा खवीस हजार मशाली आणि ढोलताशे घेऊन चिंचेखाली आला, गाणं झालं, आणि खिदळाबाई पालखीत बसून सासरी निघाली.

आत्या खाटेवरून उठलीच. "कुठं निघाली ही? अगं, ती जात न्हाय!"

"गेली की. बसली बघा पालखीत."

"नास केला मेल्यांनी सगळा. ती म्हनती, आल्या वाटंनं माघारी जावा. माज्या चिंचंवरच्या पोरींच्या येण्या कोन घालनार?"

"आजी, पुस्तकात पण असंच असंल. तुमी सांगताना बदललं असंल."

"पुस्तक म्या ऐकलंय, तू न्हाय. रंजी, सांग हिला."

आणि मी सांगितलं. अगदी ठणकावून सांगितलं, की पुस्तकात खिदळाबाई जात नाही, सिनेमावाल्यांना शेवट गोड लागतो म्हणून त्यांनी तिला पालखीत कोंबलं. माझ्या डोळ्यांसमोर ते पान होतं. चिंचेच्या फांदीवर ओळीने बसलेल्या भुतांच्या पोरी, त्यांचे पिंजारलेले केस, आणि फणी घेऊन बसलेली हडळ.

"पुस्तक हाय न्हवं तुज्याकडं?" आत्या म्हणाली. "घिऊन ये. ह्या शान्या बाईम्होरं शेवट वाच. म्या हरली तर हफ्ताभर भांडी घाशीन. आन् ही हरली तर ह्यो पिक्चर माज्या घरात परत लावायचा न्हाय."

पुस्तक माझ्याकडे होतं. लग्नात माझ्याबरोबर बावड्याला आलं होतं. शाळेचा निळा शिक्का त्यावर अजून आहे आणि ते परत करायचं राहिलं ते राहिलंच. दुसऱ्या दिवशी दुपारी बाया जेवायला बसल्यावर शेडमध्ये उपड्या ट्रेवर बसून मी ते उघडलं. शेवटच वाचायचा होता, पण सुरुवातीपासून वाचत गेले. मोठेपणी लहानपणची पुस्तकं फिकी वाटतात असं ऐकलं होतं. तसं काही झालं नाही. अर्जाच्या रांगेपाशी मी एकटीच इतकी हसले की जेवणाऱ्या बाया वळून बघायला लागल्या. मग शेवटचं प्रकरण आलं.

शेवटच्या प्रकरणात न्यायला लवाजमा येत नाही. धाकटा खवीस एकटा येतो. वेताळ झोपलेला असताना हातात एक कंदील घेऊन तो राजवाड्याच्या मागच्या दाराने निघतो. दहा पावलं जातो आणि घाबरून परत फिरतो, असं तीनदा. चौथ्यांदा निघतो तेव्हा वाटेतल्या प्रत्येक सावलीला वाकून माफी मागत पुढे सरकतो. अर्ध्या वाटेत विहिरीपाशी कंदील विझतो. पुढे जायची हिंमत नाही, मागे जायचीही नाही. मग काहीतरी आवाज कानावर पडावा म्हणून तो आपल्या बायकोचं नाव घेऊन हाका मारायला लागतो. चिंचेवर खिदळाबाईला त्या रडक्या हाका ऐकू येतात आणि तिला हसू फुटतं. ज्या हसण्यापायी तिला घालवलं, त्याच हसण्याच्या आवाजाच्या रोखाने तो अंधारात चिंचेपर्यंत पोचतो. ती झाडावरून उतरते. दोघं राजवाड्यात जातात, छप्पर उडतं आणि या वेळी ते कुणी परत बसवत नाही.

चिंचेवर पोरी नाहीत. मी पुस्तक दोनदा पालथं घातलं. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत त्या चिंचेवर खिदळाबाई एकटी आहे.

सिनेमाने मशाली घातल्या, एवढाच त्याचा खोटेपणा. माझा मोठा होता.

मी विसरले होते, असं इथे लिहून टाकणं सोयीचं आहे. काही अंशी ते खरंही आहे. एकच गोष्ट चाळीस वर्षं आत्याच्या तोंडून ऐकत राहिलं की ती पुस्तकातलीच वाटायला लागते. पण मग हे पुस्तक मी कुणाला कधी वाचायला का दिलं नाही? माझ्या मुलीने दोनदा मागितलं होतं. दोन्ही वेळा मी सांगितलं की ट्रंक माळ्यावर आहे, कोण काढणार.

मी बारा वर्षांची होते त्या हंगामात पिंपळीच्या आमच्या अंगणात बेण्याच्या, म्हणजे लागणीसाठीच्या, उसाचा ढीग पडला होता. तेव्हा ट्रे नव्हते की यंत्रं नव्हती. पाचट सोलायचं आणि कोयत्याने तीन डोळ्यांचं एकेक टिपरं तोडायचं. हे काम आत्याचं. ती तेव्हा तेवीस वर्षांची होती. शाळेतून आले की मी वाढ्यांच्या, म्हणजे उसाच्या तोडलेल्या शेंड्यांच्या, भाऱ्यावर चढून बसायची. हिरव्या वाढ्यांचा वास, बोटांना रसाचा चिकटा, मागे म्हशींचं रवंथ, आणि दर दोन ओळींना खट् असा कोयत्याचा आवाज. आत्या खदाखदा हसायची. तिचं हसू इतकं मोठं होतं की ओसरीवरून आमचे आबा, म्हणजे माझे वडील, मुद्दाम खोकायचे. ती तोंडाला पदर लावायची आणि पदराआडून हसायची. हसता हसता कोयता क्षणभर वरच्यावर थांबायचा, पण ऐकताना तिने तो कधीही खाली ठेवला नाही. रोज वाचून झालं की तिचा प्रश्न ठरलेला.

"आलं का कुनी न्यायला?"

"नाही अजून."

"उद्या बघू."

लग्नाला चार वर्षं होऊनही पाळणा हलला नाही, म्हणून दिवाळीसाठी माहेरी धाडलेल्या आत्याला न्यायला तोवर दोन वर्षं कुणी आलेलं नव्हतं. हे मला ठाऊक होतं. ती कुणाबद्दल विचारतेय हे न कळण्याइतकी मी लहान नव्हते.

मग एका रविवारी आत्याच्या सासरहून निरोप आला. बुधवारी माणसं येतायत. चुलीपाशी आबा आईला म्हणाले, "शेवंताला इचार. तिच्या मनाइरुद्ध कायबी करायचं न्हाय." असं म्हणणारा माणूस तेव्हा आमच्या आजूबाजूला दुसरा नव्हता. आई भाकरी थापत होती. ती म्हणाली, "जाऊ द्या तिला, तिचा संसार हाय. पर ती गेली तर रंजीला शाळंतनं काढावी लागंल. म्हसरं, बेणं, हे धाकटं लेकरू, म्या एकली कुठं कुठं पुरू?" आई काही वाईट बोलली नव्हती. हिशेब बरोबरच होता. मी दाराआड उभी होते. माझ्या दोन्ही वेण्या आत्याने सकाळी घातलेल्या होत्या.

शेवटचं प्रकरण मी सोमवारी शाळेत वाचून काढलं. मंगळवारी वाढ्यांवर बसून आत्याला वाचून दाखवलं, म्हणजे पुस्तकावर नजर ठेवून बोलत गेले. एकट्या खविसाऐवजी ढोल वाजवत वेताळांची वरात आणली. कंदील काढून टाकला, कारण कंदील ठेवला असता तर ती नक्की गेली असती. मलाही ते कळत होतं. आणि चिंचेवर पोरी बसवल्या. त्यांच्या वेण्या घालायला कुणी नाही म्हणून हडळ सासरी जात नाही, वरात माघारी जाते. पानं मी वेळच्या वेळी उलटत होते.

खट् असा आवाज आला, पण नेहमीचा नाही. आत्याचा कोयता नेमका डोळ्यावर पडला होता. डोळा चिरला की टिपरं वाया जातं. सबंध हंगामात तिचं तेवढं एकच टिपरं वाया गेलं. तिने ते म्हशीपुढे टाकलं.

"न्हाय गेली?"

"नाही."

"असं व्हय," ती म्हणाली आणि पुढचा ऊस ओढला.

बुधवारी जीप भरून सात माणसं आली. घोंगडी अंथरली, चहा झाला. थोरल्या जावेने ओटीसाठी नारळ आणि खण आणला होता. सून न्यायला आलं की सासरच्या बाईने ओटी भरायची, सुनेने पदर पुढे करायचा, की झालं, बोलायची गरज नाही. जाऊबाई नारळ घेऊन उभी राहिली आणि आत्याने पदर पुढे केला नाही. आबांनी दोनदा विचारलं. ती म्हणाली, "न्हाय येत म्या. माजी हितं कामं हायती." आत्याचा नवरा, आमचे मामा, जीपमधून उतरलेच नव्हते. पुढच्या सीटवर बसून ते उसाच्या ढिगाकडे बघत होते. सडपातळ, गोरटेले, अगदी गरीब चेहऱ्याचे. दाराआडून मला ते स्पष्ट दिसले. नारळ आला तसा जीपमध्ये परत गेला.

माझी शाळा सुटली नाही. आत्याने दहावीपर्यंत माझ्या वेण्या घातल्या. पुढे मी बारामतीला शेतीचा कोर्स केला, लग्न होऊन बावड्याला आले, ही रोपवाटिका उभी केली. लोक बघायला येतात आणि म्हणतात, ताई, तुम्ही स्वतःच्या हिमतीवर केलंत. मी मान हलवते.

मामांनी तीन वर्षांनी दुसरं लग्न केलं. तीन वर्षं हा काही थोडा काळ नाही. माझ्या लग्नानंतर ते मला एकदा इंदापूरच्या बाजारात भेटले. मी ओळखलं नाही, त्यांनीच ओळखलं. "रंजना न्हवं का? शेवंता बरी हाय?" मी म्हटलं, बरी आहे. त्यांनी स्वतःच्या पिशवीतले चार पेरू काढून माझ्या पिशवीत टाकले आणि निघून गेले. हे मी आत्याला कधी सांगितलं नाही. पेरू मात्र खाल्ले. काही वर्षांपूर्वी ते गेल्याचं कळलं, तेव्हा आत्याने बांगड्या काढल्या, डोक्यावरून पाणी घेतलं आणि धारेची वेळ झाली होती म्हणून गोठ्यात गेली.

मी स्वतःला सगळं समजावून पाहिलं. बारा वर्षांच्या पोरीच्या थापेने तेवीस वर्षांची बाई आपला संसार ठरवत नाही. तिची तिची कारणं असतील. गेली असती तर सुखात राहिली असती हे तरी कुठे लिहून ठेवलंय? सासू तीच होती, घर तेच होतं. हे सगळं मला पटतं. पटून झाल्यावर ट्रेमध्ये पुढचा डोळा बसवायला हात जातो आणि तिथेच थांबतो. निर्णय तिचाच होता, पण तो घेताना तिच्यासमोर दोन वाटा असायला हव्या होत्या. त्यातली एक मी पुस्तकातून काढून टाकली होती.

आज दुपारी पूनमचा फोन आला. "आत्या, घावलं का पुस्तक? आजी रोज इचारत्यात."

"नाही अजून," मी म्हटलं. पुस्तक समोर पाण्याच्या टाकीवर पडलं होतं. फोन ठेवल्यावर लक्षात आलं की हे दोन शब्द मी आत्याच्या प्रश्नाला पहिल्यांदा देत नव्हते.

वाटा आजही दोन आहेत. तोच खोटा शेवट पुन्हा वाचायचा. आत्याला कळणार नाही, पण पूनम पुस्तक हातात घेतल्याशिवाय राहणार नाही. किंवा सापडत नाही म्हणत राहायचं, आत्याचे जेवढे दिवस आहेत तेवढे. हे मला सहज जमेल. सरावाचं आहे.

एकोणीस तारखेला सकाळी बारामतीकडे रोपांची खेप जायची होतीच. बायांना काम लावून दिलं, पुस्तक पिशवीत टाकलं आणि पिकअपमध्ये पुढे बसले. पिंपळीत उतरले तेव्हा आत्या अंगणात उन्हाला बसून सुपात पावट्याच्या शेंगा सोलत होती. घरात दुसरं कुणी नव्हतं.

"पूनम रानात गेलीया. तिला यिऊ दे, तिच्याम्होरं वाच."

"तिला नंतर. आधी तुला वाचते."

"का गं?"

"शेवट तू सांगतेस तसा नाही, आत्या. मी तेव्हा खोटा वाचला होता."

तिने माझ्याकडे बघितलं. बोटं शेंगा फोडतच होती. "वाच," म्हणाली.

मी वाचलं. एक शब्द गाळला नाही. खवीस तीनदा माघारी फिरला, सावल्यांना वाकला, विहिरीपाशी कंदील विझला, त्याने हाका मारल्या, ती हसली, तो पोचला. आत्या हसली नाही. मी पुस्तक मिटलं तशी तिने पुढची शेंग फोडली.

"येकटाच आला?"

"एकटाच."

"शिनिमात तर गाव गोळा करून आला व्हता." तिने एक किडकी शेंग बाजूला फेकली. "आमच्यात जीप भरून आलं व्हतं. आन् ह्यो आतच बसला."

"मी खरं वाचलं असतं तर तू गेली असतीस?"

"चाळीस वर्सांनी इचारतीस व्हय?" ती म्हणाली. रागावली होती की नाही, मला सांगता येणार नाही. मग म्हणाली, "आन् त्या पोरी? त्यांच्या येण्या कोन घालतं मग?"

"पुस्तकात पोरी नाहीत. त्या मी घातल्या. तू गेलीस तर माझी शाळा सुटणार होती."

"असं व्हय."

तेच दोन शब्द, त्याच आवाजात. मी उठून आत जाणार होते, कुठेतरी हात गुंतवायला.

"म्हंजी भांडी माज्यावरच आली," ती म्हणाली.

"मी घासते."

"बस. भांडी कुठं पळत न्हाईत. कंदील इझतो तितनं परत वाच."

मी पान काढलं आणि विहिरीपासून वाचायला लागले. तो हाका मारायला लागतो तिथे शेंगांचा आवाज थांबला, म्हणून मी वर बघितलं. सूप खाली ठेवलेलं होतं. आत्याचे दोन्ही हात मांडीवर होते, रिकामे.